पायाखालचा गोवा (६) : नळीची जाडी कोण ठरवते?

पेडण्याच्या मोपा पठारावर घर बांधणाऱ्याला पाइलची गरज सहसा पडत नाही. चिऱ्याचा कडक थर हाताशी असतो. त्याच तालुक्यात शापोऱ्याकाठी चोपड्याला उतरा, पाय चिखलात रुततो. डिचोलीतही तेच. वर खाणींचे डोंगर, खाली सारमानसच्या जेट्टीपाशी मांडवीचा गाळ. इथे भार खालच्या खडकापर्यंत पोचवायचा तर पाइल हवी. काँक्रीटची पाइल गेल्या आठवड्यात पाहिली. आज पोलादी नळी.

आपली पाइलची संहिता आयएस २९११. तिच्यात काँक्रीटच्या पाइलना भाग आहेत, लाकडी पाइलला आख्खा एक भाग आहे, पण पोलादी नळीला स्वतंत्र भाग नाही. मग अभियंता मातीचा हिशेब २९११ वरून करतो, नळीचा पोलादी बांधकामाच्या आयएस ८०० वरून, आणि उरलेले बाहेरून उसने आणतो. अमेरिकेतला इंटरनॅशनल बिल्डिंग कोड नळीचा बाहेरचा व्यास किमान २०३ मिमी मागतो आणि एरवी पोलादावरचा ताण त्याच्या यील्ड ताणाच्या, म्हणजे ज्यापुढे ते कायमचे वाकते त्या ताणाच्या, ३५ टक्क्यांपुढे जाऊ देत नाही.

६०० मिमी व्यासाची, ८ मिमी जाडीची नळी घ्या. पोलाद २५० मेगापास्कल यील्ड ताणाचे. ३५ टक्क्यांच्या नियमाने ती सुमारे १३० टन पेलते. व्यास भागिले जाडी ७५ येते. आयएस ८०० ची मर्यादा ८८. ती ओलांडली की नळीचा पत्रा पूर्ण ताकद दाखवण्याआधीच जागच्या जागी दुमडू शकतो. म्हणजे कागदावर सगळे ठीक.

आता गंज धरा. युरोपच्या संहितेत समशीतोष्ण समुद्राच्या लाटा जिथे उडतात त्या पट्ट्यासाठी ५० वर्षांत ३.७५ मिमी झीज धरली आहे. न हललेल्या नैसर्गिक मातीत तीच ०.६ मिमी. सारमानसला पावसाळ्यात पाणी जवळजवळ गोडे होते, तेवढी सवलत मागता येईल. चोपड्याला, समुद्राच्या तोंडाशी, मी ती देणार नाही. आपली हवा युरोपाहून उष्ण आहे, हेही विसरू नये. त्या झिजेनंतर आपली ८ मिमीची नळी सव्वाचार मिमीची उरते. भार ७० टनांवर येतो आणि गुणोत्तर १३९ वर. पण सुरुवातीलाच १२ मिमी घेतली असती, तर ५० वर्षांनीही १३० टन शाबूत आणि गुणोत्तर ७२. जाडी भाराने नव्हे, भरती-ओहोटीच्या रेषेने ठरली. तीही नळीच्या थोड्याच लांबीसाठी. काहीजण तेवढाच तुकडा जाड घेतात किंवा त्यावर लेप चढवतात.

‘पुलाला ६ मिमी चालते, मग आम्हाला का नाही?’ हा ठेकेदारांचा आवडता प्रश्न. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ७८ मध्ये ६ मिमी ही किमान जाडी आहे खरी, पण ती लायनरची. लायनर म्हणजे ओले काँक्रीट चिखलापासून सांभाळणारा साचा. भार आतले सळईबंद काँक्रीट घेते. लायनर गंजून गेला तरी पाइल उभी राहावी, अशीच तिची आखणी असते. आपल्या नळीच्या आत असे कोणी नाही.

ठोकलेली नळी हे १३० टन खरेच घेते का, हे २९११ च्या चौथ्या भागातली लोड टेस्ट सांगते. नेहमीच्या चाचणीत दीडपट भार चढवतात, म्हणजे इथे १९५ टन. तो कसा रचतात आणि १२ मिमीच्या खचण्यावर सगळ्यांचे डोळे का लागलेले असतात, ते पुढच्या आठवड्यात.