कैफियत आणि प्रबंध

‘संशोधक’ आणि ‘सत्यशोधक’ हे दोन शब्द एकाच धातूच्या पोटी जन्मले असले, तरी आपल्या सार्वजनिक जीवनात त्यांची बिऱ्हाडे इतकी निराळी झाली आहेत की, एकाचा पत्ता विचारला असता लोक विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे बोट दाखवितात आणि दुसऱ्याचा विचारला असता गावच्या पाराकडे. पहिला प्रबंध लिहितो. दुसरा कैफियत मांडतो. प्रबंध विद्वानांच्या पुढे जातो व त्याला पदवी मिळते. कैफियत अंमलदाराच्या पुढे जाते व तिच्यावर बहुधा ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा पडून ती दफ्तरात विसावते. या दोन लेखांचे परस्परांशी काही नाते असते काय, आणि विद्यार्थिदशेत लिहिलेला प्रबंध कधी काळी कोणा दुबळ्याची कैफियत होऊ शकतो काय, हा प्रश्न महाराष्ट्राच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासाला घालून पाहिला, तर जे उत्तर मिळते ते विद्यापीठांनाही फारसे सोयीचे नाही आणि चळवळींनाही नाही.

जोतीराव फुल्यांपाशी कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. तथापि १८८२ च्या ऑक्टोबरात शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन सादर केले, त्याची रचना पाहिली म्हणजे कैफियतीतच प्रबंधाची शिस्त कशी मुरू शकते याचा प्रत्यय येतो. रयतेच्या घामातून सरकारी तिजोरीत सारा जमा होतो, त्यातून शिक्षणाचा खर्च चालतो, आणि त्या शिक्षणाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांच्या पदरात पडतो, हा त्यांचा मुद्दा केवळ कळवळ्याचा नव्हता. तो जमाखर्चाचा होता. पैसा कोणाकडून येतो व कोणाकडे जातो, हे विचारणारा माणूस अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून कोठे नोंदला गेला नसला, तरी त्याने विचारलेला प्रश्न अर्थशास्त्राचाच होता.

त्यानंतर सुमारे तीन तपांनी, ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या एका मराठी विद्यार्थ्याने भारतातील जातींविषयी एक निबंध वाचला. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर तेथे गेलेल्या भीमराव आंबेडकरांनी या निबंधात असे प्रतिपादिले की, जात ही कोणा एका स्मृतिकाराने लादलेली वस्तू नसून आपल्याच वर्तुळात विवाह कोंडून ठेवण्याच्या रीतीतून ती घडत गेली आहे आणि वरच्यांचे अनुकरण करीत ती खाली झिरपली आहे. पुढल्या वर्षी तो निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापला गेला. चर्चासत्रातील श्रोत्यांना तो एका परदेशी विद्यार्थ्याचा चांगला निबंध वाटला असेल. परंतु जे माणसांनी घडविले आहे ते माणसांना मोडताही येते, असा जो निष्कर्ष त्याच्या पोटात दडलेला होता, तो बाहेर पडायला महाडचे तळे लागले.

महाडच्या हकीकतीचा एक भाग आपल्याकडे सांगितला जातो, दुसरा सहसा राहून जातो. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला, महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीर केले, आणि तरीही तेथील पाण्याला हात लावण्याची कोणा अस्पृश्याची प्राज्ञा नव्हती; म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले. हा झाला पहिला भाग. दुसरा भाग कोर्टाच्या कज्जातला आहे. स्पृश्य मंडळींनी दिवाणी दावा लावला, आणि तो रेंगाळत रेंगाळत मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला, तेव्हा निकालाचा सांधा एका अस्सल कचेरीतल्या शब्दावर येऊन ठेपला : वहिवाट. अस्पृश्यांना या तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे, हे वादींना शाबीत करता आले काय? १७ मार्च १९३७ रोजी न्यायालयाने सांगितले की, ते शाबीत झालेले नाही. एकवीस वर्षांपूर्वी कोलंबियाच्या त्या खोलीत विद्यार्थ्याने जे शास्त्राच्या भाषेत मांडले होते, की रूढीलाही वय असते व जन्म असतो, त्याचीच एक अगदी मर्यादित, एका तळ्यापुरती, पण कायद्याची मोहोर असलेली नक्कल या निकालात दिसते. निबंधाचा निकालावर थेट परिणाम झाला असे मी म्हणत नाही. परंतु त्या निबंधाचा कर्ता आणि त्या दाव्यातला प्रतिवादी हा एकच मनुष्य होता, ही गोष्ट योगायोगाच्या खाती टाकणेही मला जमत नाही.

येथवरची उदाहरणे अशांची झाली, की ज्यांना प्रश्न शोधण्यासाठी घराबाहेर जावे लागले नाही. यापेक्षा अवघड वाट त्यांची, जे दुसऱ्याच्या प्रश्नावर प्रबंध लिहावयास येतात. साठीच्या दशकात एलिनॉर झेलियट या अमेरिकन विदुषी बाबासाहेबांच्या चळवळीचा अभ्यास करण्यासाठी महाराष्ट्रात आल्या आणि १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने डॉ. आंबेडकर व महार चळवळ या विषयावरील त्यांचा प्रबंध मान्य केला. ज्या काळात आपल्या विद्यापीठांत या विषयावर प्रबंध लिहिणे हे मोठे प्रतिष्ठेचे काम समजले जात नव्हते, त्या काळातली ही गोष्ट आहे.

झेलियट अध्यापनासाठी परत गेल्या. गेल ऑम्व्हेट राहिल्या. मिनियापोलिस येथे १९४१ साली जन्मलेली, युद्धविरोधी आंदोलनात आणि स्त्रियांच्या चळवळीत वावरलेली बर्कलीची ही विद्यार्थिनी १९७०च्या सुमारास पीएच.डी.साठी महाराष्ट्रात आली, तेव्हा पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळ हा तिचा विषय होता. राष्ट्रीय चळवळीच्या प्रचलित इतिहासांत त्या चळवळीला मिळणारी जागा म्हणजे पुरवणीतली : इंग्रजांच्या फोडाफोडीला बळी पडलेली, सरकारी नोकऱ्यांच्या वाटणीसाठी भांडणारी एक जातीय खटपट. ऑम्व्हेट यांनी मराठी शिकून घेतले आणि १८७३ ते १९३० या काळाचा पट मांडून या चळवळीला ‘सांस्कृतिक बंड’ असे नाव दिले. १९७३ साली पदवी मिळाली, १९७६ साली ग्रंथ मुंबईत प्रसिद्ध झाला.

त्या ग्रंथाच्या गुणदोषांची चर्चा अभ्यासकांनी पुष्कळ केली आहे. मला त्याचे निराळे महत्त्व वाटते. मुकुंदराव पाटलांनी नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून चालविलेला ‘दीनमित्र’, श्रीपतराव शिंद्यांचा ‘विजयी मराठा’, भगवंतराव पाळेकरांची बडोद्याची ‘जागृति’ अशा पत्रांतून, गावोगावच्या सत्यशोधक जलशांतून आणि म्हाताऱ्या कार्यकर्त्यांच्या आठवणींतून जे विचारधन विखुरलेले होते, ते विचारधन या नावाला पात्र आहे, असे म्हणणारा शिक्का विद्यापीठाच्या प्रबंधाने मारला. हा शिक्का बर्कलीचा असावा लागला, ही आपल्या विद्येच्या व्यवहारावरची एक टीका आहे, आणि ती मी येथे विस्ताराने करीत नाही. करू लागलो तर दिवाळीचा अंक कडू होईल.

पदवी घेऊन या बाईंनी काय केले? १९७६ मध्ये त्यांनी भारत पाटणकर यांच्याशी विवाह केला आणि सांगली जिल्ह्याच्या वाळवे तालुक्यातील कासेगाव हे आपले गाव मानले. पाटणकर वैद्यकीची पदवी घेतलेले. पण ‘मागोवा’ या डाव्या विचारांच्या गटाच्या तरुणांत मिसळून त्यांनी दवाखान्याऐवजी चळवळ पत्करली होती. वडील बाबूजी पाटणकर इंग्रजी अमलाला आव्हान देणाऱ्या साताऱ्याच्या प्रतिसरकारातले, आई इंदुताई स्वतः स्वातंत्र्यसैनिक. अशा घरात सून म्हणून आलेल्या संशोधिकेला संशोधनाचा विषय शोधायला ग्रंथालयात जाण्याची गरज उरली नसावी. पुढे त्याच इंदुताईंनी नवऱ्याने टाकलेल्या बायकांना संघटित केले, आणि स्वतःच्या नावाचे रेशनकार्ड मिळावे ही त्यांची मागणी पुढे आणली. शिधापत्रिकेवर ‘कुटुंबप्रमुख’ या रकान्यात कोणाचे नाव लिहावे, हा प्रश्न पुरवठा कचेरीतल्या कारकुनाला क्षुल्लक वाटेल. पण समाजशास्त्राच्या कित्येक ग्रंथांना जे स्त्रीच्या स्थानाविषयी सांगता येत नाही, ते हा एक रकाना सांगतो.

‘मागोवा’चे नाव निघाले म्हणून शहाद्याकडे थोडे वळले पाहिजे. १९७२ च्या सुमारास, दुष्काळाच्या ऐन तडाख्यात, त्या वेळच्या धुळे जिल्ह्यातील शहादे भागात भिल्लांच्या जमिनींचा प्रश्न अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली पेटला होता आणि मुंबई-पुण्याचे शिकलेले तरुण तेथे जाऊन श्रमिक संघटनेच्या कामाला लागले होते. त्यांच्यात पवईच्या आयआयटीतून अभियंता होऊन बाहेर पडलेले कुमार शिराळकर होते. ज्याची जमीन कर्जापायी सावकाराच्या किंवा मोठ्या बागायतदाराच्या वहिवाटीत गेली, त्या आदिवासीला ती आपली आहे हे तोंडपाठ असते. त्याच्यापाशी नसतो तो कागद. सातबाराचा उतारा, फेरफाराची नोंद, कोणत्या साली कोणाचे नाव कमी होऊन कोणाचे चढले याचा माग काढणे, हे काम ज्याला वाचता येते, तलाठ्यासमोर ताठ उभे राहता येते आणि उद्याच्या मजुरीची चिंता नसते, अशा माणसाचे आहे. सुशिक्षित तरुणाने चळवळीला काय द्यावे, याविषयी आपल्याकडे तत्त्वज्ञान फार झाले. माझ्या मते जुने फेरफार वाचण्याची चिकाटी ही देणगी त्या तत्त्वज्ञानापेक्षा वजनदार आहे. आदिवासींची गेलेली जमीन परत देण्याचा कायदा महाराष्ट्राने त्याच दशकाच्या मध्यात केला, आणि त्या कायद्याखाली दरखास्त देतानाही पहिली अट तीच होती : नोंद दाखवा.

सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात याहून एक पाऊल पुढची गोष्ट घडली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि या दुष्काळी तालुक्यातले गिरणीकामगार गावी परतले. गावाकडे पाऊस नव्हता. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडावी, आणि पुढच्या दुष्काळात तीच खडी पुन्हा फोडावी, असा क्रम चालला होता. संपाच्या शाळेत तयार होऊन आलेल्या या माणसांनी मुक्तिसंघर्ष चळवळ उभारली, भारत पाटणकर तिच्यात होते, आणि तिने विचारलेला प्रश्न खरोखर एखाद्या पदव्युत्तर प्रबंधाचा विषय व्हावा असा होता : दुष्काळ हा पावसाचा दोष आहे, की पिकांच्या निवडीचा, पाण्याच्या वाटपाचा आणि आखणीचा? मजुरी तर हवीच, पण त्या मजुरीतून पाणी अडले पाहिजे, असे ती म्हणू लागली.

येरळा नदीच्या पात्रातून ठेकेदार वाळू उपसून नेत होते. वाळू म्हणजे नदीचे पांघरूण. ते काढले की पात्रातले पाणी टिकत नाही आणि काठच्या विहिरी तळ गाठतात, हे काठावरच्या शेतकऱ्याला भूगर्भशास्त्राच्या पुस्तकाविना ठाऊक होते. बलवडी व तांदुळवाडी या दोन गावांनी असा पवित्रा घेतला की, ही वाळू गावाची आहे, तिच्यातली थोडी आम्ही विकू आणि त्या पैशांतून धरण बांधू. के. आर. दाते यांच्यासारखा अनुभवी अभियंता आपले शास्त्र घेऊन त्यांच्या बाजूला आला. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. त्याच्या पाण्याच्या वाटपाचे तत्त्व धरणाच्या भिंतीपेक्षाही नवलाचे होते : वाटा जमिनीच्या प्रमाणात नाही, तर घराच्या हिशेबाने, आणि भूमिहीनाच्या घरालाही तो मिळायचा. विलासराव साळुंख्यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायतीच्या द्वारे १९७४ पासून माणशी पाणी मोजण्याचा जो पाठ घातला होता, त्याच कुळातला हा विचार. पुढे कृष्णा खोऱ्याच्या दुष्काळी तालुक्यांत समन्यायी पाणीवाटपाची जी मोठी चळवळ झाली, तिला सांगण्यासारखे एक उदाहरण अशा रीतीने दगडमातीत उभे होते.

आता या सगळ्याला समांतर चालणारी एक दुसरी वहिवाट. दरवर्षी उन्हाळ्याच्या सुमारास महाविद्यालयांतून विद्यार्थी खेड्यांत उतरतात. हाती प्रश्नावली असते, तीत वय, जात, शिक्षण, कुटुंबाचे उत्पन्न असे रकाने असतात, आणि धरणग्रस्तांच्या एखाद्या वसाहतीतल्या म्हातारीने तीच माहिती याआधी चार वेळा दिलेली असते. विद्यार्थी नम्र असतो, चहा घेतो, सही किंवा अंगठा घेतो व जातो. त्याच्या प्रबंधाची कापडी बांधणीतली प्रत विद्यापीठाच्या कपाटात उभी राहते; वसाहतीच्या ग्रामपंचायतीत ती कोणी पाहिलेली नसते, आणि पाहिली असती तरी ती इंग्रजीत असल्यामुळे वाचली नसती. या विद्यार्थ्याला दोष देणे सोपे आहे, पण त्याला प्रश्नावली ज्यांनी दिली त्यांनी तरी असे कधी विचारले आहे काय, की या म्हातारीला काय जाणून घ्यावयाचे आहे? तिला बहुधा एवढेच हवे असते की, तिच्या नवऱ्याच्या नावाची जमीन संपादनाच्या निवाड्यात किती लागली आणि पर्यायी जमिनीचा कागद कोणत्या कचेरीत अडकला आहे. खानापूरचे उदाहरण मला पुन:पुन्हा आठवते ते यासाठी, की तेथे प्रश्न गावाने विचारला व शास्त्र जाणणाऱ्याला बोलावले. येथे शास्त्र शिकणारा येतो व गावाने उत्तरे द्यावयाची असतात.

चळवळींचाही येथे दोष नाही असे नाही. अभ्यासाने आपल्या घोषणेला बाध येईल, अशी भीती पुष्कळ कार्यकर्त्यांच्या मनात असते, आणि आकडा प्रतिकूल निघाला की अभ्यासकाची निष्ठा तपासली जाते. ऑम्व्हेट यांनाही हे चुकले नाही; पुढे जागतिकीकरणाविषयी व मोठ्या धरणांविषयी त्यांनी जी मते मांडली, त्यांमुळे त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी कित्येक दुखावले. ती सर्व मते मला पटतात असे नाही. पण ज्या बाईने १९८३ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले, आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच देह ठेवला, तिच्यावर उपरेपणाचा आरोप करणाऱ्यांना या मातीतला मुक्काम किती वर्षांचा असावा लागतो, हे एकदा ठरवून दिले पाहिजे.

यातले काही धागे शेवटी एका ठिकाणी जुळतात. नागपूरचे वसंत मून महसूल खात्यात नोकरीला होते. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे समग्र लेखन व भाषणे प्रसिद्ध करावयाचे ठरविले, तेव्हा संपादनाचे काम त्यांच्याकडे आले, आणि १९७९ साली निघालेल्या पहिल्याच खंडात कोलंबियातला तो १९१६ चा विद्यार्थिनिबंध त्यांनी छापला. पुढे आपण ज्या महारवाड्यात वाढलो त्याची हकीकत मून यांनी ‘वस्ती’ या नावाने लिहिली. २००१ साली अमेरिकेत तिचे इंग्रजी भाषांतर निघाले. लेखक म्हणून मुखपृष्ठावर मून यांचे नाव होते; भाषांतर गेल ऑम्व्हेट यांनी केले होते, आणि प्रस्तावना एलिनॉर झेलियट यांची होती.