पान नंबर कशाला हवा? पुस्तकातल्या पत्त्याची गोष्ट

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. ऐकायला वेळ नसेल त्यांनी वाचा, वाचायचा कंटाळा असेल त्यांनी ऐका.)

केशोरीहून बोलतोय. तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया. मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. प्रश्न असा: "दादा, मी एमएच्या प्रोजेक्टसाठी पुस्तक मोबाईलवर वाचलं. सर म्हणतात, संदर्भाला पान नंबर लिही. पण मोबाईलमध्ये अक्षर मोठं केलं की पानं वाढतात, लहान केलं की कमी होतात. मग लिहू काय? आणि पुस्तकाचं नाव दिलंय ना, मग नंबर हवाच कशाला?"

प्रश्न दोन आहेत. आधी दुसरा घेऊ, कारण तो कळला की पहिला आपोआप सुटतो.

समजा मी तलाठ्याकडे गेलो आणि म्हणालो, "माझं शेत केशोरीला आहे." तो काय म्हणेल? "गट नंबर सांगा जी!" गट नंबर सांगितला की सातबारा निघतो, आणि माझं म्हणणं खरं की खोटं ते तिथल्या तिथे कळतं. पुस्तकाचं नाव म्हणजे गावाचं नाव. पान नंबर म्हणजे गट नंबर. चारशे पानांच्या पुस्तकाचं नुसतं नाव देणं म्हणजे वाचणाऱ्याला सांगणं, की जा, गावभर फिर आणि शोध.

शहरातल्या माणसाला हा त्रास छोटा वाटेल, आपल्यासाठी तो मोठा आहे. इथून नागपूरच्या ग्रंथालयात जायचं म्हणजे अख्खा दिवस. जायचं भाडं, यायचं भाडं, आणि हातात वाचनाचे मोजके तास. जुना ग्रंथ चार खंडांचा असला आणि आधीच्या अभ्यासकाने खंडही दिला नाही, पानही दिलं नाही, तर दिवस शोधण्यातच जातो. पान दिलं असेल तर दहा मिनिटांत काम होतं. म्हणून मी म्हणतो, पान नंबर ही सरांची हौस नाही. आपल्यानंतर त्याच वाटेने येणाऱ्याची ती सोय आहे.

पान आणि पृष्ठ

आता थोडा इतिहास. हातानं लिहिलेल्या पोथ्या सुट्या पानांच्या असायच्या. वारा आला, दोरा सुटला, की पानं इकडची तिकडे. म्हणून लेखनिक पानाच्या समासात आकडा घालायचा. पण आकडा एका पानाला एकच, आणि पानाला बाजू दोन. म्हणून आजही पोथीचा संदर्भ देताना अभ्यासक '१२ अ' आणि '१२ ब' असं लिहितात. एक पुढची बाजू, एक मागची.

मराठीत हा फरक शब्दांतच आहे. पान म्हणजे झाडाच्या पानासारखं, दोन बाजूंचं. पृष्ठ म्हणजे त्याची एक बाजू. बोलताना आपण सरसकट 'पान' म्हणतो, पण प्रबंधात 'पृ. ४५' असं लिहितात ते म्हणूनच.

युरोपातही सुरुवातीला हीच स्थिती. गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास छापलेल्या बायबलमध्ये छापील पान नंबर नाहीत. आकडे छापलेलं सर्वांत जुनं ज्ञात पुस्तक जर्मनीतल्या कोलोन शहरातलं, १४७० चं, असं मानतात. मुद्रणानं खरा बदल काय केला? हातानं लिहिलेल्या दोन प्रतींत पानं कधी जुळत नाहीत. छापलेल्या पाचशे प्रती मात्र एकसारख्या. तुमच्या प्रतीतलं पान ४५ आणि माझ्या प्रतीतलं पान ४५ एकच. त्यानंतरच दूर बसलेल्या दोन माणसांना एकाच ओळीवर बोट ठेवून भांडता येऊ लागलं!

आवृत्ती बदलली की पत्ता बदलतो

पण इथेच एक गोम आहे. पान नंबर हा पुस्तकाचा नसतो, आवृत्तीचा असतो.

आपल्या भागाचंच उदाहरण घ्या. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्याआधी आपण भंडारा जिल्ह्यात. म्हणजे इकडची जुनी माहिती शोधायची तर भंडाऱ्याचं गॅझेटिअर उघडावं लागतं. ते एक आहे १९०८ चं, इंग्रज काळातलं. दुसरं महाराष्ट्र सरकारने काढलेलं, १९७९ चं. कोणी नुसतं लिहिलं, 'भंडारा गॅझेटिअर, पृ. ४५', तर कुठलं समजायचं? दोन्हींत पान ४५ आहे, मजकूर मात्र वेगळा. साल लिहिलं नाही तर नंबर असून नसल्यासारखा.

बाबासाहेबांचं 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' १९३६ साली पुस्तिका म्हणून निघालं. पुढे महाराष्ट्र सरकारने त्यांचं समग्र लेखन काढायला घेतलं, तेव्हा १९७९ च्या पहिल्या खंडात ते आलं. त्यानंतर कितीतरी आवृत्त्या, कितीतरी अनुवाद. प्रत्येकात पान वेगळं. सुदैवानं मूळ भाषणाला क्रमांक घातलेले विभाग आहेत. म्हणून पानासोबत विभागाचा क्रमांक दिला, की कुठल्याही आवृत्तीत तो मजकूर सापडतो.

ही युक्ती आपल्याला नवी नाहीच. ज्ञानेश्वरीचा संदर्भ कोणी पानाने देतं का? अध्याय आणि ओवी सांगितली की झालं. पंढरपूरची प्रत असो की पुण्याची, थोडा फार फरक सोडला तर ओवी सापडते. तुकोबांच्या गाथेत मात्र जपून. तिथे अभंगांचे क्रमांक गाथेगणिक बदलतात. म्हणून 'अभंग क्रमांक अमुक' एवढ्याने भागत नाही, कुठली गाथा तेही लिहावं लागतं.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण केली. त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं तपासली. आता जगभर कुठेही महाभारताचा संदर्भ देताना पर्व, अध्याय, श्लोक असे तीन आकडे देतात आणि कुठली आवृत्ती ते सांगतात. पान लागतच नाही.

आणि कधी कधी उलटंही होतं. प्लेटोचे ग्रंथ १५७८ मध्ये हेन्री एस्तिएन नावाच्या मुद्रकाने छापले. त्या आवृत्तीची पानं इतकी रूढ झाली, की आजच्या कुठल्याही भाषांतराच्या समासात तेच साडेचारशे वर्षांपूर्वीचे आकडे छापतात. पुस्तक गेलं, पानं गेली, नंबर राहिले.

नागपूरचा एक पान नंबर

असाच एक प्रसिद्ध नंबर आपल्या नागपूरचा आहे. केशवानंद भारती खटला ऐकलाय ना? २४ एप्रिल १९७३ चा निकाल. संसदेला घटना दुरुस्त करता येते, पण तिची मूळ चौकट मोडता येत नाही, असं सांगणारा. स्पर्धा परीक्षेवाल्यांना पाठ असेल. वकील त्याचा संदर्भ असा देतात: एआयआर १९७३ एससी १४६१. यात एआयआर म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर, नागपूरहून निघणारं निकालांचं प्रकाशन. १९७३ हे वर्ष, एससी म्हणजे सर्वोच्च न्यायालय. आणि १४६१? तो पान नंबर! त्या खंडात निकाल ज्या पानावर सुरू होतो ते पान. इतका मोठा निकाल, आणि कोर्टात त्याची ओळख नागपूरच्या प्रकाशनातल्या एका पानाने.

पण यात एक अडचणही आहे. निकाल जनतेचा, आणि पत्ता खासगी प्रकाशनाचा. अमेरिकेत यावरून मोठी भांडणं झाली. वेस्ट नावाची कंपनी म्हणायची, आमचे पान नंबर दुसऱ्याने वापरायचे नाहीत. १९८६ मध्ये एका अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला, १९९८ मध्ये दुसऱ्याने विरुद्ध: पान नंबर टाकण्यात कसली आलीय निर्मिती? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ पासून स्वतःचेच क्रमांक द्यायला सुरुवात केली. वर्ष, न्यायालयाचं चिन्ह आणि निकालाचा क्रमांक. आत परिच्छेदांना आकडे असतातच. आता निकाल मोबाईलवर फुकट वाचा आणि परिच्छेद क्रमांक द्या. महागडे खंड विकत घ्यायची गरज नाही.

यात आपलं काय?

कोणी म्हणेल, हे सगळं वकिलांचं नि प्राध्यापकांचं. आपलं काय?

तर ऐका. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा ग्रंथ १९१६ चा आहे. चार खंड. त्यात गोवारींवर एक प्रकरण आहे. आपल्या गोंदिया-भंडारा-गडचिरोलीत गोवारी समाज किती आहे ते तुम्हाला माहीत आहे. 'गोंड गोवारी' ही नोंद नेमकी कोणाची, हा वाद २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. निकाल एकमेकांच्या उलट लागले. बाजू कोणाची बरोबर यावर मी आज बोलत नाही. मला एवढंच दाखवायचंय, की शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकात काय लिहिलंय हा लाखो माणसांच्या प्रमाणपत्राचा, शिष्यवृत्तीचा, नोकरीचा प्रश्न होऊ शकतो. अशा वेळी 'रसेलने कुठेतरी असं म्हटलंय' चालत नाही. खंड सांगा, पान सांगा, आणि त्या पानावरची मागची-पुढची ओळही वाचा. अर्धं वाक्य उचलणाऱ्याला पान नंबरच पकडून देतो.

दुसरं उदाहरण वनहक्काचं. २००६ च्या कायद्याखाली ग्रामसभा दावा करते, तेव्हा कुठले पुरावे चालतात याची यादी २००८ च्या नियमांत, नियम १३ मध्ये आहे. त्यात गॅझेटिअर आहे, जनगणना आहे, जमाबंदीचे अहवाल आहेत. म्हणजे जुन्या पुस्तकातलं एक पान गावाच्या जंगलाच्या कामी येऊ शकतं. दाव्याला झेरॉक्स जोडताना पुस्तकाचं नाव, साल आणि पृष्ठ वर लिहा. मुखपृष्ठाचीही झेरॉक्स जोडा. समितीतल्या साहेबाला तपासायचं असेल तर तपासू दे. तपासता येतो म्हणूनच तो पुरावा.

आता मोबाईल

आता पहिल्या प्रश्नाकडे. मोबाईलवर वाचलं तर काय लिहायचं?

एक. पीडीएफ स्कॅन असेल तर पानावर छापलेला आकडा लिहा, ॲपमध्ये खाली दिसणारा नाही. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, प्रस्तावना मिळून सुरुवातीची १६ पानं असतील, तर छापील पान ४५ ॲपमध्ये ६१ दिसतं. दोघांचा घोळ झाला की वाचणारा चुकीच्या पानावर जातो.

दोन. मराठी पुस्तकांत प्रस्तावनेची पानं बऱ्याचदा अक्षरांत असतात: सात, आठ, नऊ. ती तशीच लिहा: 'प्रस्तावना, पृ. नऊ'. आकडा टाकलात तर मुख्य पुस्तकातलं ९ वाटेल.

तीन. ई-बुकमध्ये अक्षराबरोबर पानं बदलत असतील तर पान देऊच नका. प्रकरण, उपशीर्षक आणि तिथला कितवा परिच्छेद ते द्या. काही ई-बुकांत छापील आवृत्तीचे पान नंबर दडवलेले असतात. सेटिंगमध्ये शोधून बघा, असतील तर तेच वापरा.

चार. मोल्सवर्थचा कोश ऑनलाइन बघत असाल तर शब्दाच्या नोंदीजवळ छापील पानाचा आकडा दिसतो. तो लिहा आणि आवृत्ती १८५७ ची, तेही लिहा.

पाच. दुसऱ्याच्या पुस्तकात उतारा वाचला असेल तर मूळ पुस्तकाचं पान त्यातून उचलून आपण पाहिल्यासारखं दाखवू नका. 'अमुक यांच्या पुस्तकात उद्धृत' असं लिहा आणि जे पान खरोखर पाहिलं ते द्या. एकाने चुकीचा आकडा लिहिला की पुढचे दहा जण तोच उतरवतात.

सहा. चॅटबॉटने दिलेला पान नंबर डोळे झाकून घेऊ नका. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी चॅटजीपीटीकडून घेतलेले खटले कोर्टात दिले. नावं, आकडे, सगळं झकास. खटलेच अस्तित्वात नव्हते! ५,००० डॉलर दंड बसला. खोटा पत्ता खऱ्यासारखाच दिसतो. दार ठोठावल्याशिवाय कळत नाही.

आणि प्रबंधवाल्यांसाठी: यूजीसीचे वाङ्मयचौर्याचे नियम २०१८ चे आहेत. अवतरणचिन्हात घेऊन नीट श्रेय दिलेला उतारा त्यात साम्य म्हणून धरत नाहीत. तेव्हा उतारा घ्यायला घाबरू नका. नाव, साल, पृष्ठ द्या आणि निर्धास्त राहा.

तर मेसेज पाठवणाऱ्या भावा, तुझ्या सरांना सांग: ई-बुक आहे, प्रकरण आणि परिच्छेद देतो. बहुतेक ऐकतील. नाही ऐकले तर छापील प्रत असलेल्या मित्राकडून त्या पानाचा फोटो मागव. पण फोटोत पानाचा खालचा कोपरा यायला हवा, नंबर तिथेच असतो!

पुढच्या भागात बोलू या, जुन्या सरकारी कागदांतली मोडी वाचायला कुठून सुरुवात करायची. प्रश्न असतील तर व्हॉइस मेसेज पाठवा. भेटू जी!