व्हीएम चालू, नेटवर्क गायब
(लेखमाला : पडद्यामागचा संगणक, भाग ६)

'नो व्हॅलिड होस्ट वॉज फाउंड.' ओपनस्टॅकवर खासगी क्लाउड उभारणाऱ्या प्रत्येकाची या वाक्याशी लवकरच ओळख होते. सर्व्हर चालू असतात, पंखे घोंघावत असतात, डॅशबोर्डवर भरपूर मेमरी शिल्लक दिसते, आणि तरीही नवी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, एररमध्ये जाऊन पडते. जागा आहे म्हणता, मग जागा नाही असं कसं?

हिशेब साधा आहे. गेल्या भागातल्यासारखे तीन सर्व्हर आहेत आणि प्रत्येकावर ६ जीबी मेमरी मोकळी आहे असं समजा. बेरीज १८ जीबी. पण ८ जीबीची व्हीएम मागितली की ती कुठेच बसत नाही, कारण एक व्हीएम दोन सर्व्हरवर वाटून ठेवता येत नाही. जागा शोधणारा शेड्युलर एकेका सर्व्हरला चाळण्या लावत जातो : मेमरी पुरते का, प्रोसेसर आहे का, तो सर्व्हर वापरातून काढून तर ठेवलेला नाही ना. शेवटी हाती कोणीच उरलं नाही की हे वाक्य येतं. जिनिव्हाजवळची सर्न ही संशोधन संस्था जुलै २०१३ पासून ओपनस्टॅकवर आपला खासगी क्लाउड चालवते. तिथला पसारा लाखो कोअरचा, पण चाळण्या लावायची पद्धत हीच. म्हणून एरर पाहून घाबरण्याऐवजी शेड्युलरचा लॉग उघडावा. तो नीट तपशिलात लिहायला लावला, तर कोणत्या चाळणीत सगळे सर्व्हर गळाले ते त्यात दिसतं.

कधीकधी दोष मेमरीत नसून घड्याळात असतो. छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजमधला निजामकालीन घड्याळ मनोरा स्मार्ट सिटीच्या कामात दुरुस्त झाला. बाजारातलं घड्याळ दहा मिनिटं मागे पडलं तर गिऱ्हाईक फार तर कुरकुरेल. क्लाउडला तेवढी सवलत नाही. इथले सर्व्हर आपण जिवंत असल्याचा निरोप ठरावीक सेकंदांनी पाठवत असतात. वेळा जुळल्या नाहीत, तर चालू सर्व्हरही यंत्रणेला मेलेला वाटू शकतो, ओळखीची टोकन आणि सुरक्षा प्रमाणपत्रं नाकारली जातात. साठवणुकीची 'सेफ' नावाची प्रणाली तर ०.०५ सेकंदापेक्षा जास्त फरक पडला तरी इशारा देते. भारतात हा आता नियमाचाही भाग आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी कार्यालयांनी आपली घड्याळं एनआयसी किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची आहेत. पाच मिनिटांचं काम आहे, आणि नेमकं तेच राहून जातं.

असो. व्हीएम एकदाची उठली, हिरवा ठिपका लागला, तरी लॉगिन होत नाही. इथे बहुतेक जण व्हीएम उडवून नवी टाकतात. तीही चालत नाही, मग तिसरी. यात दुपार जाते आणि हाती काही लागत नाही, कारण बिघाड सहसा व्हीएममध्ये नसतोच. तो वाटेत असतो.

आधी कन्सोल उघडून व्हीएमला पत्ता मिळालाय का ते बघावं. विंडोजच्या मशीनने १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतला असेल, तर तिची हाक पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीपर्यंत पोहोचलेली नाही. गंमत म्हणजे १६९.२५४.१६९.२५४ हा पत्ता मात्र कामाचा असतो. नवी लिनक्स व्हीएम आपलं नाव आणि मालकाची एसएसएच किल्ली तिथूनच मागून घेते. ती मागणी फसली तर नेटवर्क ठणठणीत असूनही दार उघडत नाही, आणि दोष विनाकारण पासवर्डवर जातो.

पत्ता आहे, पण दोन व्हीएम एकमेकींशी बोलत नाहीत. आता दोघी एकाच सर्व्हरवर आहेत की वेगवेगळ्या, ते पाहायचं. एकाच सर्व्हरवर असताना बोलतात आणि वेगळ्यांवर गेल्या की गप्प, असं असेल तर शोध निम्म्यावर आला. व्हीलॅन वापरत असाल तर स्विचच्या ट्रंक पोर्टवर त्या व्हीलॅनच्या क्रमांकाला परवानगी द्यायची राहिली असेल. व्हीएक्सलॅनचा बोगदा असेल तर सर्व्हरच्या फायरवॉलने यूडीपीचं ४७८९ क्रमांकाचं पोर्ट अडवलेलं असेल.

मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला छत्रपती संभाजीनगरात खेळवलेली नहर-ए-अंबरी जमिनीखालून वाहते, आणि तिच्या वाटेवर ठिकठिकाणी वरून आत डोकावता येईल असे मॅनहोल ठेवलेले आहेत. पाणी कुठे अडलं ते एकेक झाकण उघडत शोधावं, तसंच इथे करायचं असतं. 'टीसीपीडंप' ही आज्ञा घेऊन आधी व्हीएमच्या आभासी कार्डावर बसायचं, मग ब्रिजवर, मग बोगद्याच्या तोंडाशी, शेवटी सर्व्हरच्या खऱ्या कार्डावर. पॅकेट एका ठिकाणी दिसलं आणि पुढच्या ठिकाणी दिसलं नाही, तर बिघाड त्या दोहोंच्या मध्ये.

सगळ्यात छळणारा दोष मात्र वेगळाच. पिंग जातं, एसएसएच सुरू होऊन मध्येच थिजतं, वेबपान अर्धं उमटून थांबतं. पुष्कळांना हे भुताटकीसारखं वाटतं. खरं तर पन्नास बाइटचा मामला असतो. इथरनेटवर एका पॅकेटची नेहमीची मर्यादा, म्हणजे एमटीयू, १५०० बाइट. व्हीएक्सलॅन त्यावर स्वतःचं ५० बाइटचं वेष्टन चढवतं, म्हणून आतल्या व्हीएमला १४५०च उरतात. हे तिला सांगितलं नसेल तर ती १५००चीच पॅकेट पाठवते आणि ती वाटेत गळतात. पिंगचं पॅकेट एरवी ८४ बाइटचं, त्यामुळे ते सुखरूप पोहोचतं आणि सगळ्यांची दिशाभूल करतं. खात्री करायची तर लिनक्सवर 'तुकडे करू नको' असं बजावून मोठं पिंग पाठवावं : १४२२ बाइटचं गेलं आणि १४७२चं अडलं, तर चोर सापडला. व्हीएमचा एमटीयू १४५० करावा, किंवा खालच्या सर्व्हर-स्विचचा वाढवावा. दुसरा उपाय जास्त पक्का, पण वाटेतला एकही स्विच सुटता कामा नये.

उलटा प्रकारही घडतो. पिंगच जात नाही म्हणून व्हीएम मेली असं जाहीर होतं. ओपनस्टॅकचा मूळ सुरक्षा गट बाहेर जाणारी रहदारी सोडतो, बाहेरून येणारी अडवतो. एसएसएचला परवानगी दिली आणि पिंगच्या आयसीएमपीला दिली नाही, तर लॉगिन होईल पण पिंगला उत्तर मिळणार नाही. नुसत्या पिंगवर निकाल देऊ नये.

महाराष्ट्राने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउडचं धोरण जाहीर केलं. त्यानंतर पुष्कळांना खासगी क्लाउड हा जुना हट्ट वाटू लागला. पण सार्वजनिक क्लाउडमध्येही सुरक्षा गट, एमटीयू आणि १६९.२५४.१६९.२५४ असतातच, फक्त खालची झाकणं उघडायची मुभा आपल्याला नसते.

पुढच्या भागात साठवणूक : डिस्क व्हीएमला जोडली जाते, पण आत दिसत नाही, ते का. तोवर ज्यांनी घरी किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये दोन सर्व्हरचा क्लाउड मांडला असेल, त्यांनी वरचं १४२२ आणि १४७२चं पिंग करून बघावं आणि निकाल वहीत लिहून ठेवावा.