रानपिंगळ्याची प्रजाती कोणती?

मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याच्या सागवनांत आणि शिवारांत, दिसायला सारखी वाटणारी दोन छोटी घुबडं आढळतात. गावाजवळ हमखास दिसतो तो पिंगळा. त्याच्या माथ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी असते. रानपिंगळ्याच्या माथ्यावर ठिपके पुसट, पंख-शेपटीवर पट्टे ठळक, पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले आणि शिकार बरीचशी दिवसा. अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी 1873 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन करताना ‘हेटेरोग्लॉक्स’ ही स्वतंत्र प्रजाती (जीनस) मांडली आणि नमुना मिळवणाऱ्या ब्लेविट यांच्यावरून जातीला ‘ब्लेविटी’ नाव दिलं. पुढे अनेक अभ्यासकांनी त्याला पिंगळ्याच्याच ‘अथेने’ प्रजातीत घातलं. हा वाद केवळ रूपावरून मिटणारा नव्हता, कारण अधिवास आणि सवयी बदलल्या की रूपही बदलतं. वर्गीकरणाला नातं हवं असतं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात रानपिंगळ्याची शाखा अथेनेच्या शाखांमध्येच निघाली. म्हणजे त्याला बाहेर ठेवायचं, तर अथेनेचेही तुकडे करावे लागतील.

नावं अशी बदलत राहिली तर गोंधळ होणार नाही का? त्याची सोय नियमांतच आहे. प्रजाती बदलली तरी ‘ब्लेविटी’ कायम राहतं, आणि ह्यूम यांचं नाव व 1873 हे साल कंसात जातं. त्या कंसावरूनच जाणकाराला कळतं की ही जाती मुळात दुसऱ्या प्रजातीत मांडली होती. स्वतंत्र प्रजातीचा मान गेला तर संरक्षणाचं महत्त्व घटेल, ही भीतीही रास्त नाही. प्रजातीची सीमा माणूस आखतो. पक्ष्याचं दुर्मीळपण त्यावर ठरत नाही.

वर्गीकरणातल्या या काटेकोरपणाचं मोल रानपिंगळ्यानेच दाखवलं आहे. 1884 नंतर त्याची खात्रीलायक नोंद नव्हती. गुजरातेतला 1914 चा म्हणून दाखवला जाणारा नमुना ब्रिटिश पक्षी-संग्राहक माइनर्ट्‌झहागन यांनी चोरून, खोटी माहिती जोडलेला निघाला. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी तो बाजूला ठेवला, खऱ्या नमुन्यांची ठिकाणं धरून शोध घेतला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा सापडला. त्यानंतर मेळघाटातही त्याची नोंद झाली. म्हणून वर्गीकरण हा संग्रहालयापुरता उद्योग मानू नये. नावामागचा पुरावा पक्का असेल, तरच कोणतं जंगल राखायचं हे ठरवता येतं.