तास रात्री आठचा, विद्यार्थी मात्र लोकलमध्ये

प्रतिनिधी, वसई

पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा ऑनलाइन तास रात्री आठ वाजता सुरू होतो, तेव्हा नोकरी करणारा विरारचा विद्यार्थी बहुधा चर्चगेटहून सुटलेल्या लोकलमध्ये दाटीवाटीत उभा असतो. त्याच क्षणी नैरोबीत सायंकाळचे साडेपाच, तर लागोसमध्ये दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. तेथील सहाध्यायी अद्याप कामावरच असतो. परदेशी विद्यार्थ्यांच्या अडचणी वेगळ्या, असे आपण मानतो. बारकाईने पाहिल्यास त्या विरारच्या विद्यार्थ्याच्याच अडचणी आहेत.

हा प्रश्न काल्पनिक नाही. आफ्रिकी देशांतील विद्यार्थ्यांना भारतीय विद्यापीठांचे अभ्यासक्रम आपल्या देशातूनच शिकता यावेत, यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘ई-विद्याभारती’ उपक्रम सुरू केला. त्यात पदव्युत्तर अभ्यासक्रमही होते.

अशा संमिश्र वर्गासाठी अभ्यासक्रम कसा रचावा, याचा एक धडा पवईतच मिळतो. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात सॉफ्टवेअर शिकविणारे सुमारे दहा मिनिटांचे धडे तयार केले जातात. प्रथम संहिता लिहिली जाते. मग विषयाची ओळख नसलेली व्यक्ती ती वाचून, त्याप्रमाणे करून पाहते. ती जेथे अडखळते तेथे संहिता सुधारली जाते आणि त्यानंतरच ध्वनिमुद्रण होते. निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत असते. पडद्यावरील सॉफ्टवेअर मात्र इंग्रजीतच ठेवले जाते, कारण नोकरीच्या ठिकाणी तेच समोर येणार! धडे उतरवून घेऊन इंटरनेटविनाही पाहता येतात.

पदव्युत्तर वर्गालाही ही ‘अडखळण्याची चाचणी’ लावता येईल. ‘दहा लाखांचे कर्ज’ हे साधे उदाहरण काठमांडूत कळेल, लागोसमध्ये नाही. तेथे लाख ही संख्याच प्रचारात नाही. घरी कादोडी किंवा वाडवळी बोलणारी, शाळेत मराठी शिकलेली वसईची विद्यार्थिनी इंग्रजी व्याख्यानात एखादी संज्ञा हुकली की मागेच राहते. व्याख्यानाची लेखी प्रत सोबत दिल्यास तिची सोय होते, परदेशी विद्यार्थ्याची होते आणि ऐकू न येणाऱ्या विद्यार्थ्याचीही होते.

खरी मेख गुणांची आहे. ध्वनिमुद्रित व्याख्यान उपलब्ध करून दिले, पण थेट तासाच्या उपस्थितीला गुण ठेवले, तर ती सोय कागदावरच राहते. त्याऐवजी चर्चेतील सहभाग दोन-तीन दिवसांत लेखी नोंदविण्याची मुभा दिल्यास विरारचा विद्यार्थी घरी पोहोचून, जेवून, विचार करून उत्तर लिहू शकेल.