हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे केव्हा जावे?

दाढ ठणकू लागली की सावित्रीकाठच्या दासगावचा माणूस महाडची वाट धरतो. ब्रश करताना हिरडीतून रक्त आले तर मात्र आपण चूळ भरून कामाला लागतो, कारण ते दुखत नाही. पुढे दात हलू लागला की ‘वय झाले’ म्हणून तो काढला जातो. वास्तविक दात केवळ वयाने हलत नाहीत. बहुधा त्यामागे हिरड्यांचा आजार, म्हणजेच पायरिया असतो.

दातांवर रोज जंतूंचा चिकट थर बसतो. तो वेळीच निघाला नाही तर त्याचे कठीण कीटण बनते. हिरडी लाल होते, सुजते. या टप्प्यावर दात स्वच्छ करून घेतले आणि नीट घासले तर ती पूर्ववत होते. दुर्लक्ष झाल्यास दात व हिरडी यांमधील फट खोल होत जाते. निरोगी हिरडीत ती १ ते ३ मिलीमीटर असते. त्यापुढे दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते आणि गेलेले हाड सहसा पूर्णपणे परत येत नाही.

आपल्याकडे अनेक घरांत अद्याप मिश्री लावली जाते. तिने दात बळकट होतात, हा गैरसमज आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. ती हिरड्यांना इजा करते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढवते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे त्यांचा आजार झाकलेला राहतो.

प्रथम नेहमीच्या दंतवैद्यांकडेच जावे. पुढील परिस्थितीत मात्र हिरड्यांच्या तज्ज्ञाचा, म्हणजे पिरिओडॉन्टिस्टचा सल्ला घ्यावा:

१. दात स्वच्छ करून काही आठवडे लोटले तरी रक्त वा पू येणे थांबत नाही.
२. दात हलतात, त्यांच्यात नव्याने फटी पडतात किंवा हिरडी खाली सरकून मुळे उघडी पडतात.
३. तपासणीत खोल फटी अथवा क्ष-किरण चित्रात हाडाची झीज आढळते.
४. मधुमेह आहे आणि हिरड्या वारंवार सुजतात. हे दोन्ही आजार एकमेकांना बळ देतात.
५. रक्तदाबाच्या वा फिटच्या काही औषधांनी हिरड्या वाढल्या आहेत. अशा वेळी औषध स्वतःहून बंद करू नये.

चेहऱ्यावर सूज, ताप आणि गिळण्यास त्रास असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दोन आठवड्यांत न भरणारी तोंडातील जखमही तातडीने दाखवावी.

‘कीटण काढल्याने दात ढिले होतात’ असे आम्ही पुष्कळदा ऐकतो. खरे तर हाड आधीच झिजलेले असते. कीटणाचा आधार गेल्यावर ते जाणवते, इतकेच. तज्ज्ञ प्रथम मुळांपर्यंत सफाई करतात, काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात आणि गरज उरल्यासच शस्त्रक्रिया सुचवतात.

दंत महाविद्यालयांत हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो. दासगावकरांना कशेडी घाटापलीकडे खेड येथे, तर उत्तरेस कामोठे व खारघर येथे अशी महाविद्यालये आहेत. वीर आणि खेड ही दोन्ही कोकण रेल्वेवरील स्थानके आहेत. प्रवासाचा एक दिवस मोडतो हे खरे. परंतु काढलेला दात पुन्हा उगवत नाही. म्हणून हिरडीतून येणारे रक्त ही पूर्वसूचना मानावी आणि घरातील ज्येष्ठांनाही वेळीच तपासणीस न्यावे.