गंज चढत नाही, पण झिजतं

टायटॅनियमची गुळगुळीत चकती, तिच्यावर मागेपुढे घासली जाणारी ॲल्युमिनाची गोळी आणि दोन्ही बुडतील इतकी कृत्रिम लाळ. ही लाळ म्हणजे पाण्यात विरघळवलेलं मीठ, पोटॅशियम आणि कॅल्शियमची क्लोराइडं, फॉस्फेट, थोडासा युरिया. चकतीला तार जोडून तिचं विद्युत विभव मोजत राहायचं. गोळी स्थिर आहे तोवर आकडा शांत. घासणं सुरू झालं की तो धाडकन खाली येतो, थांबलं की पुन्हा वर चढू लागतो. दाताच्या इम्प्लांटवर तोंडात काय गुदरतं, याची ही प्रयोगशाळेतली तालीम.

टायटॅनियम गंजत नाही अशी त्याची ख्याती. खरं तर तो फार उतावळा धातू आहे. हवा किंवा पाणी लागताच ऑक्सिजनशी जुळतो आणि स्वतःवर ऑक्साइडचा थर चढवतो. थर जेमतेम काही नॅनोमीटरचा, पण अभेद्य. स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी 1950च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियमचं उपकरण बसवलं, ते नंतर निघेचना. हाड त्याला घट्ट चिकटलं होतं. 1965 साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. त्या यशामागेही हाच थर आहे, कारण हाडाचा संबंध येतो तो उघड्या धातूशी नव्हे, ऑक्साइडशी.

घासल्यावर हा थर खरवडला जातो आणि आतला उतावळा धातू लाळेला सापडतो. नवा थर क्षणार्धात धरतो खरा, पण तो धरताना थोडा धातू खर्ची पडतो, पुढच्या घासणीत तोही थर जातो. सुटलेले कठीण ऑक्साइडचे कण दोन पृष्ठभागांच्या मध्ये अडकून आणखी ओरखडे काढू शकतात. म्हणून नुसती झीज आणि नुसतं रासायनिक क्षरण वेगवेगळं मोजून बेरीज केली, तर हिशोब जुळत नाही. दोन्ही एकत्र आली की नुकसान बेरजेपेक्षा जास्त भरतं. संशोधक याला ट्रायबोकरोजन म्हणतात.

पण हाडात रुतलेल्या स्क्रूला घासणार कोण? खरी जागा आहे वरच्या सांध्यात. हाडातला स्क्रू आणि त्यावर कॅप पेलणारा अबटमेंट यांच्यात अतिसूक्ष्म फट असते. प्रत्येक घासाला तिथे मायक्रोमीटरमध्ये मोजावी अशी हालचाल होते आणि लाळ आत झिरपते. दिसायला छान म्हणून झिर्कोनियाचा अबटमेंट निवडला तर तो टायटॅनियमपेक्षा कितीतरी कठीण; झीज मुख्यतः धातूच्याच वाट्याला येते.

मिश्रधातूंची निवडही सोपी नाही. 6 टक्के ॲल्युमिनियम आणि 4 टक्के व्हॅनेडियम घातलेलं टायटॅनियम शुद्धापेक्षा बळकट, पण झिजताना त्या दोघांचे आयनही सुटतात आणि व्हॅनेडियम पेशींना फारसं मानवत नाही. झिर्कोनियम मिसळलेला टायटॅनियमचा मिश्रधातू त्यातूनच पुढे आला.

फ्लोराइडबद्दल मात्र अकारण भीती आहे. उदासीन टूथपेस्टमधलं फ्लोराइड या थराला सहसा काही करत नाही. आम्ल मिळालं तर गोष्ट बदलते: फ्लोराइडपासून हायड्रोफ्लोरिक आम्ल बनतं आणि तेच ऑक्साइड विरघळवतं. दवाखान्यातल्या आम्लधर्मी फ्लोराइड जेलचा पीएच 3.5च्या आसपास असतो; म्हणून इम्प्लांटवाल्या रुग्णासाठी उदासीन जेल बरं.

इम्प्लांटभोवती सूज येऊन हाड झिजलेल्या रुग्णांच्या हिरडीत टायटॅनियमचे कण सापडले आहेत. तेवढ्यावरून धातूलाच आरोपी ठरवणं घाईचं. सुजलेल्या जागी आम्लता वाढते, जीवाणूही आम्ल सोडतात, आणि मग धातू जास्त झिजतो. म्हणजे कण हे सुजेचं कारण असतील किंवा परिणामही. शिवाय दात साफ करताना वापरलेलं स्केलरचं धातूचं टोकही कण उडवतं. त्यासाठी प्लास्टिकची किंवा कार्बन फायबरची टोकं मिळतात. कॅप किंचित हलतेय असं वाटलं, तर दुखण्याची वाट न पाहता स्क्रूचा घट्टपणा तपासून घ्यावा, कारण सैल सांध्यात घासणी वाढते.